ओटीवरच्या गप्पा : "गुरुजी, मला दिसतंय की!"

दिवाळी आणि विधानसभेची निवडणूक या दोघी जणू सख्ख्या बहिणी असाव्यात आणि त्यांनी ठरवून एकाच वेळी माहेरी यावे, असे आमच्या महाराष्ट्रात कितीदा तरी झाले आहे. २००९ साली १३ ऑक्टोबरला मतदान, १७ ला लक्ष्मीपूजन. २०१४ साली १५ ला मतदान, २३ ला लक्ष्मीपूजन. २०१९ साली २१ आणि २७. २०२४ साली तेवढी दिवाळी आधी आटोपली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. या योगाचा ताप कोणाला, तर आम्हा मास्तरांना! घरी चकलीचा घाणा चालू असायचा, आणि आम्ही तालुक्याच्या गावी मांडवात मतदान यंत्राच्या पेट्या, मतदार यादी, लाख, सुतळी आणि शाईची बाटली मोजून घेत बसलेलो. आमच्या सौ. तर म्हणायच्या, "एवढं सगळं सरकारी सामान मोजून घेता, मग घरचं वाण्याचं सामानच मोजायला कसे विसरता?" याला उत्तर नसे. अजूनही नाही.

निवृत्त झाल्यावर हे पुराण मी कपाटात ठेवून दिले होते. पण गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले आणि कपाट पुन्हा उघडावे लागले. नाव-गाव छापू नका, असे तिने दोनदा अधोरेखित करून बजावले आहे; तेव्हा ते मी घरातही कोणाला सांगितलेले नाही. ती शहरात नोकरीला. आई गावाकडे, गावाबाहेरच्या वस्तीवर. गेल्या खेपेला मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीवर चौघे जण आले. त्यांनी कोणाला मारले नाही, शिवी दिली नाही. दारात चहासुद्धा घेतला. जाताना एवढेच म्हणाले, "उद्या गर्दी फार आहे, वस्तीवरच्यांनी उगाच येऊ नका. तुमचं आम्ही बघतो." दुसऱ्या दिवशी वस्तीवरून कोणी गेले नाही. भगिनी विचारते, "अशा वेळी दाद कोणाकडे मागायची? ठाण्यावर गेलं तर विचारतात, मारलं का? नाही ना? मग?"

या "मग?"ला उत्तर देण्याचा आज विचार आहे. मी वकील नव्हे. पण लोकांच्या बोटाला शाई लावण्यापासून केंद्राध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत सगळ्या पायऱ्या मी चढलो आहे. आणि त्या खुर्चीवर बसून एकदा माझ्या हातून जे झाले, ते सांगितल्यावाचून हे उत्तर खरे होणार नाही.

आधी दमदाटी म्हणजे काय ते पाहू. दमदाटी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमा उभा राहतो. जीपगाड्या, बंदुका, धूळ. तसे काही ठिकाणी झालेही आहे. पण आमच्याकडली दमदाटी मोठी सभ्य असते. ती "काकू" म्हणून हाक मारते. ती विचारते, "यंदा तुमच्या उसाला तोड कधी हवी?" ती आठवण करून देते, "सोसायटीचं कर्ज पुढच्या महिन्यात आहे ना?" विहीर कोणाच्या वाटणीत आहे, रस्ता कोणाच्या बांधावरून जातो, मुलाला शिपायाची नोकरी कोणी लावली, हे ती नुसते मोजून दाखवते. कुठे रात्री देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावते. कुठे नारळावर हात ठेवायला लावते. एकदा शपथ घेतली की मग केंद्रावर पोलीस असला काय नि नसला काय! म्हातारे माणूस बटणापाशी एकटे असते हे खरे. पण त्याच्या मानेवर देव बसलेला असतो.

गंमत अशी, की कायदा करणारांना हे सगळे पुरते ठाऊक होते. हिंदुस्थानच्या दंडसंहितेत निवडणुकीच्या गुन्ह्यांचे प्रकरण १९२० सालीच घातले गेले. त्यात मतदाराला इजेची धमकी देणे तर गुन्हा आहेच, पण "असे केले नाहीस तर देवाचा कोप होईल" असे त्याच्या मनात भरवणे हाही गुन्हा. जुन्या संहितेचे ते १७१-क कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हे कलम १७१ झाले आणि शिक्षा कलम १७४ मध्ये गेली: एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्याच्या १२३ व्या कलमात वाळीत टाकण्याची, जातीबाहेर काढण्याची धमकी हा भ्रष्ट आचार ठरवला आहे. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी तसे केले, तर निवडून आलेल्याची निवड उच्च न्यायालय रद्द करू शकते. तो अर्ज साध्या मतदारालाही करता येतो. मात्र निवड जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांच्या आत. आणि वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदाच केला. तो २०१७ मध्ये अमलात आला.

आमची आत्या मात्र कायद्यावाचूनच निकाल देत असे. ती म्हणे, "धाक घालून घ्यायला लावलेली शपथ देवाच्या वहीत चढत नाही." तिने आयुष्यात किती बेलभंडारे उचलले आणि कोणाला मत दिले, हे तिच्या यजमानांनाही कळले नाही.

असो. आता ती २००९ सालची गोष्ट.

नदीकाठचे एक गाव. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही शाळेत मुक्कामाला पोचलो: मी केंद्राध्यक्ष, तीन मतदान अधिकारी, एक शिपाई आणि दारावरचा पोलीस. फळ्यावर मुलांनी रंगीत खडूने आकाशकंदील काढून ठेवला होता. बाके भिंतीला लावली, पुठ्ठ्याचा मतदान कक्ष उभा केला, शंभर मीटरवर चुन्याची रेघ ओढून घेतली. हे सगळे होईतो रात्रीचे नऊ वाजले आणि पोटात कावळे ओरडू लागले. तेवढ्यात गावातल्या एका वजनदार घरून पिठले-भाकरी आली. मतदान पथकाने गावात कोणाचा पाहुणचार घ्यायचा नाही, हे आम्हाला प्रशिक्षणात बजावून सांगितलेले. पण वाफाळलेल्या पिठल्यापुढे प्रशिक्षण किती टिकणार? आम्ही जेवलो. सकाळी त्याच घरून पोहे आले, तेही खाल्ले. वर ओले खोबरे होते.

अकराच्या सुमाराला त्या घरातले पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ एका म्हातारीला हाताशी धरून आले. "हिला दिसत नाही गुरुजी, बटण मी दाबतो." नियम असा, की मतदार अंध असेल, किंवा अपंगत्वामुळे त्याला चिन्ह ओळखता किंवा बटण दाबता येत नसेल, तर अठरा वर्षांवरचा एक सोबती त्याच्याबरोबर आत जाऊ शकतो. मी सोबत्याचे प्रतिज्ञापत्र घेतले, चौदा-अ नमुन्यात नोंद केली. म्हातारीला खरोखरच दिसत नव्हते. येथवर सगळे ठीक होते.

वीस मिनिटांनी तेच गृहस्थ दुसऱ्या म्हातारीला घेऊन आले. आता नियमाचे पुढचे वाक्य असे आहे, की एका माणसाला एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येते, दुसऱ्याचा नाही. मला ते पाठ होते. मी मान वर केली. गृहस्थ हसले आणि म्हणाले, "गुरुजी, पोहे बरे झाले होते ना?"

एवढेच. याला धमकी म्हणता येईल काय? कोणत्या ठाण्यावर याची नोंद होईल? मी दुसऱ्या पक्षाच्या मतदान प्रतिनिधीकडे पाहिले. तो छताच्या पंख्याकडे पाहत होता. मी नमुना भरला.

तिसरी म्हातारी सत्तरीची असेल. लुगड्याचा पदर खोचलेला, पायांत धुळीने माखलेल्या वहाणा. ती टेबलापाशी थांबली आणि अगदी हलक्या आवाजात, जणू माझा काही अपराध होऊ नये म्हणून, म्हणाली, "गुरुजी, मला दिसतंय की."

"मोतीबिंदू आहे तिला," गृहस्थ म्हणाले.

मी खाली मान घातली आणि तिचे नाव लिहिले. ती आत गेली. पुठ्ठ्याच्या आडोशाच्या वरून मला तिचे डोके दिसत होते, आणि तिच्या खांद्यावरून पुढे गेलेला पांढऱ्या बाहीचा हात. यंत्राची लांब शिट्टी वाजली. बाहेर पडताना ती माझ्याकडे पाहील म्हणून मी यादीत तोंड खुपसून बसलो. त्यानंतर आणखी एक आली. संध्याकाळी केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत मी लिहिले, "मतदान शांततेत पार पडले." हे खोटे नव्हते. त्या खोलीत दिवसभर एकाचाही आवाज चढला नव्हता.

चौथ्या दिवशी घरी पणत्या लागल्या. बाटली बंद करताना माझ्या बोटांवर शाई सांडली होती; ती उटण्याने जाईना. सौ. म्हणाल्या, "असू द्या, जाईल चार दिवसांत." ती पंधरा दिवस गेली नाही. सुट्टी संपेपर्यंत केंद्राध्यक्षाची ती पुस्तिका मी इतक्या वेळा वाचली, की परीक्षेला बसतो तर पहिला आलो असतो. तिच्यात जे सापडले तेच आता या भगिनीला सांगतो. म्हणजे ते मला आधीही ठाऊक होतेच म्हणा!

तर ताई, ऐका. पहिले दार म्हणजे त्या खोलीतला केंद्राध्यक्ष. दिसायला आमच्यासारखाच कोणी तरी मास्तर किंवा कारकून असतो. पण त्या एका दिवसापुरता त्या चार भिंतींत त्याच्यावर कोणी नाही. एरवी आमदारापुढे उभा राहणारा पोलीसही त्याने बोलावल्यावाचून आत येत नाही. केंद्रात किंवा केंद्राजवळ गोंधळ घालणाराला, ओरडणाराला पकडा, असे तो पोलिसाला सांगू शकतो, कलम १३१. जो सांगून ऐकत नाही त्याला बाहेर काढू शकतो, कलम १३२. शंभर मीटरच्या आत प्रचार करणे गुन्हा, हे १३० वे कलम. हत्यार घेऊन केंद्राजवळ फिरणे गुन्हा, हे १३४-ब. आणि कोणी केंद्रच ताब्यात घेऊ लागले, तर नियंत्रण यंत्रावरचे बंद करण्याचे बटण दाबून मतयंत्राची जोडणी सोडवून टाकायची, म्हणजे पुढे एकही मत टाकता येत नाही. एवढे सगळे एका मास्तराच्या हातात दिलेले आहे.

पण या मास्तराला बोलावे लागते, आणि ते मोठ्याने. माझ्या त्या म्हातारीने हळू सांगितले म्हणून मला ऐकू न आल्यासारखे करता आले. "माझं मत मला एकटीलाच द्यायचंय," हे वाक्य खोलीतल्या सगळ्या प्रतिनिधींना ऐकू जाईल असे म्हणावे. नुसते लिहिता-वाचता येत नाही म्हणून सोबती देता येत नाही, हेही सांगावे. चिन्हे त्यासाठीच तर असतात. आणि "दैनंदिनीत लिहा" म्हणावे. त्या दैनंदिनीत धाकदपटशाच्या प्रकारांची नोंद करायला जागा असते. दुसऱ्या दिवशी निरीक्षकांपुढे कागदपत्रांची छाननी होते, तेव्हा ती वाचली जाते, आणि फेरमतदान घ्यावे की काय हे ठरवताना अशाच नोंदींचा आधार असतो. नोंद नाही तर घटना नाही. माझ्या वहीत घटना नव्हती, आणि म्हणून ती झालीच नाही.

"तुमचं मत झालं, घरी जा," असे सांगूनही पुष्कळांना परतवतात. परतू नये. आपल्या नावावर दुसऱ्या कोणी मत टाकून गेला असेल, तर ओळख पटवून वेगळी मतपत्रिका मागायची. तिला टेंडर मत म्हणतात. ते यंत्रात जात नाही, पाकिटात बंद होते. पण आपण येथे येऊन गेलो याचा कागद राहतो. तसेच रांग मुद्दाम रेंगाळवून वेळ संपवली, तरी वेळ संपताना जे रांगेत उभे आहेत त्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटतात आणि त्या सगळ्यांचे मत घेतले जाते.

आता केंद्राध्यक्षच माझ्यासारखा पोहे खाल्लेला निघाला तर? तर बाहेर यायचे आणि वरचे दार ठोठावायचे. काही केंद्रे मिळून एक क्षेत्रीय अधिकारी असतो. तो दिवसभर गाडीतून फिरत असतो. त्याच्यावर मतदारसंघाचा निवडणूक निर्णय अधिकारी, त्याच्यावर जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. आणि या साखळीच्या बाहेरचा, दिल्लीच्या आयोगाने पाठवलेला निरीक्षक. हा सहसा परप्रांतातला अधिकारी असतो; त्याला आपल्या गावातले कोणाचे पिठले ठाऊक नसते, हाच त्याचा मोठा गुण! त्याचा फोन क्रमांक निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत छापून येतो. तो कापून देव्हाऱ्यात ठेवावा.

फोनवर सांगायचे तर १९५०. निवडणूक आयोग २५ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाला. साल लक्षात ठेवले की क्रमांक लक्षात राहतो. तक्रार सांगितल्यावर तिचा क्रमांक मागून घ्यावा आणि वेळ लिहून ठेवावी. अंगावरच कोणी आले तर ११२. शिवाय २०१८ पासून आयोगाचे सी-व्हिजिल नावाचे मोबाइलवरचे साधन आहे. निवडणूक जाहीर झाल्यापासून ते चालते. समोर पैसे वाटले जात असोत की कोणी दम देत असो, फोटो किंवा छोटी चित्रफीत त्यातूनच काढून पाठवायची. जागा आपोआप कळते, नाव न देताही तक्रार करता येते, आणि शंभर मिनिटांत तिचा निकाल लावण्याचा आयोगाचा दंडक आहे. जुना, दुसऱ्याने पाठवलेला फोटो मात्र त्यात चालत नाही. आणि केंद्राच्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही. २०२५ साली आयोगाने केंद्राबाहेर तो ठेवण्याची सोय करायचे ठरवले. मला विचाराल तर ही बंदी मतदाराच्याच फायद्याची आहे. "मत दिल्याचा फोटो काढून आण, मग पैसे," असे म्हणणाराला "फोन आत नेऊ देत नाहीत हो," हे उत्तर तयार मिळते.

ठाण्यावरच्या "मग?"चे काय? येथे एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. मतदारावर गैरवाजवी दडपण आणण्याचा जो गुन्हा मघाशी सांगितला, तो अदखलपात्र. पोलीस नोंद करून घेतात आणि कोर्टाचा हुकूम आणा म्हणतात; त्यांचेही चुकत नाही. पण १९८९ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात १३५-अ कलमाची भर पडली. त्याचे नाव "बूथ ताब्यात घेणे", म्हणून लोकांना वाटते की खोलीत घुसून पेटी पळवली तरच ते लागू होते. तसे नाही. मतदाराला धाकदपटशा दाखवून, सरळ किंवा आडून धमकावून, केंद्रावर जाऊच न देणे, हेही त्याच व्याख्येत स्पष्ट शब्दांत आहे. हा गुन्हा दखलपात्र. शिक्षा किमान एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत, वर दंड. तुमच्या वस्तीवर चहा पिऊन गेलेले चौघे जण याच कलमाच्या अंगणात उभे होते, ताई. तेव्हा तक्रारीत "आम्हाला दम दिला" एवढेच लिहू नका. "दम दिला, आणि त्यामुळे आम्ही अमुक इतके जण मतदानाला जाऊ शकलो नाही," असे लिहा. नावे, वेळ, शब्द जसेच्या तसे. वस्ती अनुसूचित जाती-जमातीची असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही मतदानापासून रोखणे, अमक्यालाच मत द्यायला भाग पाडणे, हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तोही दखलपात्र.

परंतु खरे सांगू? मतदानाच्या दिवशी मागितलेली मदत बहुधा उशिरा पोचते. ज्या दाराची लोकांना माहिती नाही ते पंधरा दिवस आधी उघडते. निवडणूक आली की क्षेत्रीय अधिकारी, यादीचे काम पाहणारा बीएलओ आणि पोलीस यांनी वस्त्या-वस्त्यांवर जाऊन, कोठे मतदारांना कोणाची भीती आहे याची यादी करायची असते. भीती कोणाला, कोणाची, कशावरून, हे लिहायचे आणि धाक घालणारांकडून शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून घ्यायचे. काम चोख झाले तर अशा केंद्रावर जादा पोलीस किंवा सूक्ष्म निरीक्षक बसतो. पुष्कळदा मात्र अधिकारी येतात, चौकात पुढाऱ्यालाच विचारतात, "काही भीती वगैरे?" तो म्हणतो, "छे छे!" आणि रकाना कोरा राहतो. बीएलओ म्हणजे गावातलीच अंगणवाडीची बाई किंवा शिक्षक असतो. तिच्यामार्फत तोंडी निरोप, नाहीतर तुम्ही शहरातून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला आणि निरीक्षकांना लेखी अर्ज. शहरात राहण्याचा एवढा तरी उपयोग व्हावा. तुमच्या उसाची तोड कोणाच्या हातात नाही. वस्तीवरच्या बायकांना म्हणावे, एकेकटीने जाऊ नका, पंधरा-वीस जणींनी सकाळी सातलाच जा. आई पंच्याऐंशीच्या पुढची असेल तर घरी मत देण्याची सोयही आहे. त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत बारा-ड नमुन्याचा अर्ज द्यावा लागतो.

एक प्रश्न पत्रात नव्हता, पण तो असणार. "कोणाला मत दिलं ते त्यांना कळतं म्हणे?" या एका "म्हणे"वर आमच्याकडली निम्मी दमदाटी चालते. तुमचे एकटीचे मत कळत नाही. मोजणीच्या दिवशी यंत्र नुसती बेरीज दाखवते. कोणी केव्हा दाबले ते दाखवत नाही. चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते, तीही तुम्हालाच, आणि पेटीत पडते. कोणाला मत दिले हे सांगायची सक्ती कोर्टसुद्धा करू शकत नाही. पण मास्तराने अर्धे सत्य सांगू नये, म्हणून उरलेले सांगतो: केंद्राची बेरीज कळते. हजार-बाराशे मतांत एक घर लपते. मात्र लहान वस्तीला वेगळे केंद्र असेल तर वस्ती लपत नाही. मतपत्रिकांच्या काळात आयोगाला सुडाची भीती वाटली तर अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजण्याआधी एकत्र मिसळता येत. यंत्रांसाठी तशीच बेरीज एकत्र करणारे साधन वापरावे, असे आयोगाने २००८ साली सुचवले. विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला. ते अजून अमलात आलेले नाही. का, ते पुढाऱ्यांना विचारा. मला काही उत्तर सुचते, पण संपादक छापणार नाहीत.

आणि हो, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका यांच्या निवडणुका वेगळ्या घरच्या. त्या दिल्लीचा आयोग घेत नाही, मुंबईचा राज्य निवडणूक आयोग घेतो. तेथे तक्रार त्या निवडणुकीच्या निर्णय अधिकाऱ्याकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे आणि राज्य आयोगाकडे करायची. १३५-अ ची भाषा तेथे चालणार नाही. न्याय संहितेची कलमे मात्र सगळ्याच निवडणुकांना लागू. खरी अडचण अशी, की ग्रामपंचायतीला दम देणारा हा चुलतभाऊच असतो.

२०१४ साली मला पुन्हा केंद्राध्यक्ष नेमले. गाव दुसरेच, नेमणुका संगणक चिठ्ठ्या टाकून करतो. ती नदीकाठची म्हातारी पुन्हा कधी भेटली नाही. या वेळी सौ.नी दोन दिवसांच्या दशम्या, चटणी आणि चिवडा बांधून दिला होता. रात्री गावातून डबा आला, तो मी हात जोडून परत पाठवला. सहकारी माझ्यावर चिडले. पिठल्याचा वास त्यांनाही आला होता.

दुपारी एक तरणा गडी आजीला घेऊन आला. सकाळी तो एकीला घेऊन गेला होता, ते चौदा-अ मध्ये होतेच. "आजीला दिसत नाही." मी आजीसमोर बोटे धरली. "आजी, किती?"

"तीन," आजी म्हणाल्या. "आन् मधल्याला शाई लागलीया."

खोलीत कोणी तरी फिस्सकन हसले. मी गड्याला दाराबाहेर थांबायला सांगितले. तो टेबलावर वाकून म्हणाला, "गुरुजी, बघून घेऊ."

"बघा," मी म्हणालो, "पण शंभर मीटरच्या बाहेरून." सांगतो खरे, पण टेबलाखाली माझे गुडघे लटपटत होते. पोलिसाला आत बोलावले. क्षेत्रीय अधिकाऱ्याला कळवले. तो पाऊण तासाने आला. आजी आत एकट्या गेल्या, भरपूर वेळ लावला, आणि शिट्टी वाजल्यावर दचकून "अगं बया!" म्हणाल्या. दैनंदिनीत मी वेळेसकट आठ ओळी लिहिल्या.

संध्याकाळी पेट्या सीलबंद करून व्हरांड्यात आलो तर माझ्या चपला नाहीशा. पोलिसाने शोधल्या, शिपायाने शोधल्या. शेवटी यंत्राची पेटी उराशी धरून अनवाणीच गाडीत चढलो आणि तालुक्याच्या मांडवात रात्री बारापर्यंत अनवाणीच रांगेत उभा राहिलो. सौ.नी वसुबारसेच्या दिवशी नव्या चपला घ्यायला लावल्या. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, दिवाळीची खरेदी का?" मी म्हणालो, "नाही, निवडणूक खर्च."